त्या चॅप्टरमधले आपण

फेब्रुवारी आला की ग्योतोकुला शिंका येऊ लागतात. स्टेशनाबाहेर, कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानात, लिफ्टमध्ये, जो तो मास्क लावून आपलं नाक सांभाळत चाललेला. इथल्या डोंगरांवर सुगी नावाची उंच झाडं आहेत, त्यांचे पराग वाऱ्यावर येतात, असं माझ्या मुलानं, सिद्धार्थनं, पहिल्या वर्षी समजावलं तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, आमच्याकडे सुगी आली की माणसं हसतात, तुमच्या जपानात शिंकतात. मग माझं मलाच वाटलं, हसायची कोण? ज्यांच्या खळ्यात रास पडायची ती. आमची आई दुसऱ्याच्या खळ्याच्या कडेला सूप घेऊन उभी राहायची. सुपात काय पडेल त्यावर आमचं वर्ष ठरायचं, आणि किती पडेल ते टाकणाऱ्याच्या मर्जीवर.

तर सुगी आली. तिच्याबरोबर इथल्या इंडियन शाळेतल्या पोरांची बारावीही आली. खालच्या बागेत दोन मुली थंडीत हातमोजे घालून पुस्तक धरून फेऱ्या मारत होत्या, ओठ हलत होते. मी गॅलरीतून कपडे काढत होते. आणि मला राग आला. चांगला, तापलेल्या तव्यासारखा. त्या पोरींवर नाही हो, त्या बिचाऱ्या पाठ करतायत. पण दोन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. माझी नात इरा आता त्सुकुबाला शिकते, सायकलवरून युनिव्हर्सिटीत जाते, फोनवर हसत बोलते. ती विसरली असेल. मी विसरलेली नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

त्या वर्षी इराची बारावी होती. विषयांत समाजशास्त्र. भारतीय समाज, त्याची कुटुंबं, जाती, जमाती, बाजार, सगळं इंग्रजीतून. पोरगी दुसरीत असताना इथं आलेली. भारत तिला माहीत तो उन्हाळ्याच्या सुट्टीतला, आंबा आणि डास एवढाच. सिद्धार्थ आणि सून प्राची दोघंही ऑफिसला जाणारी. मी दर हिवाळ्यात पाहुण्यांच्या व्हिसावर तीन महिने येते, तशी आले होते. माझं काम ठरलेलं: सकाळी थालीपीठ, दुपारी पुस्तक धरून बसणं. इरा खोलीभर चालत पाठ म्हणायची आणि मी चुका धरायची.

मी चौथी शिकले. तुम्ही म्हणाल, मग इंग्रजी पुस्तक कसं धरायची. त्याचं असं आहे, पुढचं माझं शिक्षण रद्दीवर झालं. पुण्यात मी ब्लाउज शिवायची. कागदी नमुने कापायला रद्दी आणायची, आणि कापायच्या आधी वाचून काढायची. मराठी संपलं की इंग्रजी. सिद्धार्थची शाळेची पुस्तकं त्याच्याआधी मी वाचलेली असायची. उच्चार माझे भयंकर, पण अर्थ लागतो.

सुरुवातीचे धडे मजेत गेले. खिडकीत हिवाळ्याचं पांढरं ऊन, टेबलावर मिकानांची टोपली. ही इथली संत्री, साल अशी सुटते की जणू शिवलेलीच नव्हती, टाचून ठेवली होती. मी सोलायची, शिरा काढायची, इरा चालता चालता एकेक फोड उचलायची.

"आजी, आपली फॅमिली न्यूक्लिअर की जॉइंट?"

"तीन महिने जॉइंट, नऊ महिने न्यूक्लिअर."

"असं लिहिलं तर मार्क नाही मिळणार."

"मग त्यांना म्हणावं, व्हिसा ऑफिसात विचारा."

"आजी, तू मेंदोकुसाई आहेस." म्हणजे कटकटी. हा शब्द ती माझ्यासाठी राखूनच ठेवते.

अशी आमची गंमत चालायची. मग जातीचा धडा आला.

इथं मला शिकवणीच्या मेधाबद्दल सांगायला हवं. पलीकडच्या इमारतीत राहते, नवरा बँकेच्या पोस्टिंगवर. बाई हुशार, मनानं मोकळी. आपल्या पोरांना इथं ट्यूशन मिळत नाही म्हणून चार मुलींना घरी बोलावून शिकवायची, वर शिरा करून खायला घालायची, एक येन घ्यायची नाही. मला काकू म्हणायची. माझ्या गुडघ्याला तेल आणून दिलं तिनं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आली. हातात इराचे तपासलेले सरावाचे पेपर. सिद्धार्थ आणि प्राची त्या दिवशी घरीच होती. बसली, पाणी प्यायली, इकडं तिकडं बघितलं. आमच्या घरात खिडकीपाशी बुद्धाची मूर्ती आहे, हातभर उंच, प्लास्टरची, एका कानाची पाळी उडालेली. ती इराच्या आजोबांनी नागपूरच्या मेळ्यातून आणली होती. रेल्वेत जागा मिळाली नाही म्हणून पुण्यापर्यंत उभं राहून, मूर्ती छातीशी धरून. ते गेल्यावर मी ती माझ्या पातळात गुंडाळून विमानात हातातून इकडं आणली. एअरपोर्टवरचा पोरगा म्हणाला, पेटीत टाका. मी म्हटलं, मी पेटीत बसते, याला सीट द्या.

मेधा म्हणाली, "काय सुंदर आहे हो. कामाकुराची का?" कामाकुरा म्हणजे इथलं मोठ्या बुद्धाचं गाव, सगळे सहलीला जातात.

आणि माझा मुलगा म्हणाला, "हो. कामाकुराहून आणली."

मी त्याच्याकडं बघत राहिले. तो वाटीतल्या तिळगुळाकडं बघत राहिला. प्राची चहा बघते म्हणून उठून गेली.

"बाकी, तुमच्यात संक्रांतीला सुगडं पुजतात ना हो काकू?" मेधा म्हणाली. "इथं मातीची मिळत नाहीत. मी कागदी कपांना दोरा गुंडाळते."

मी तोंड उघडायच्या आत सिद्धार्थ म्हणाला, "आम्ही फारसं काही करत नाही. आई थकते."

मी आणि थकते. मी त्या दिवशी सकाळी सगळ्या घराच्या काचा पुसल्या होत्या.

या ‘तुमच्यात’ शब्दाबद्दल मला दोन शब्द बोलू द्या. मी आयुष्यभर टेप गळ्यात घालून फिरले, माप घेणं मला कळतं. ‘तुमच्यात’ हा आपल्या मराठी माणसाचा टेप आहे. सरळ जात विचारायची लाज वाटते, शिकलेली असतात ना सगळी, मग सण विचारायचे. तुमच्यात सुगडं पुजतात का? तुमच्यात गौरी उभ्या की खड्याच्या? तुमच्यात नवरात्रात घट कसे बसतात? दोन-तीन प्रश्नांत माप पुरं होतं आणि माणूस कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते ठरतं. इथले लोक आडनावाला सान लावून दिवसभर एकमेकांना हाका मारतात. त्यांना आडनावात नाव दिसतं, आपल्या माणसाला पत्ता दिसतो. आमच्या घरच्यांनी आडनाव बदलून गावाचं लावलं, पुढं कर जोडलं, म्हणून आमचा पत्ता पटकन सापडत नाही. सापडत नाही म्हणून सुगडं. आणि विचारणारीच्या मनात काही वाईट असतं असं नाही. तिला माहीतच नसतं की ती माप घेते आहे. मला त्याचाच राग येतो. जिला माहीत आहे तिच्याशी भांडता तरी येतं.

मेधा गेली. मी इराचे पेपर हातात घेतले. सहा मार्कांचा प्रश्न: जातिव्यवस्था आणि आजचा भारत. इराचं अक्षर सुरेख, सुरुवातीची वर्षं जपानी शाळेत गिरवलेलं. इंग्रजी वाक्यं, प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘दे’नं. म्हणजे ‘ते’. ते गावाबाहेर राहत. त्यांना पाणी भरू देत नसत. त्यांना शिवत नसत. आणि शेवटचा मुद्दा, खाली रेघ मारलेला: आज शहरांतल्या शिकलेल्या आणि परदेशी गेलेल्या भारतीयांमध्ये जात जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्यापुढं लाल शाईत बरोबरची खूण. सहापैकी सहा. वर एक चांदणी.

पैकीच्या पैकी. कमी मिळाले असते तर मी नातीची समजूत काढली असती. पैकीच्या पैकी मिळाल्यावर काय करायचं असतं? कोण ते? कुठले ते? त्या ‘ते’मधली एक जण पंधरा दिवस तुझ्या समोर बसून तुझ्यासाठी संत्र्याच्या शिरा काढते आहे, पोरी.

पण इराला ते माहीत नव्हतं. माझ्या मुलानं ते माहीत होऊ दिलं नव्हतं. मी फोनवर माझ्या बहिणीला जयभीम म्हणते, तो शब्द इरा लहानपणापासून ऐकते. तिला वाटायचं, हा आजीचा हॅलो आहे. मी सकाळी बुद्धवंदना म्हणते, ते तिच्या लेखी आजीचं मेडिटेशन. जपानात राहून बौद्ध असणं लपवायला इतकं सोपं आहे म्हणून सांगू. घरात बुद्ध ठेवा, जग म्हणेल काय छान डेकोरेशन. सिद्धार्थ नाव ठेवलं होतं आम्ही मोठ्या हौसेनं. ऑफिसात त्याचं कापून सिड-सान झालं. बाही कापून स्लीव्हलेस करावं तसं.

संध्याकाळी तो ओट्यापाशी प्लास्टिकचे ट्रे धुऊन कचऱ्यासाठी वेगळे करत होता. इथं प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला, वर्गवारी चुकली तर पिशवी तशीच पडून राहते, त्यावर चिकटपट्टी लावून जातात. मी म्हटलं, "कामाकुराची का रे?"

"आई, सोड ना."

"तुझे बाबा उभे राहून आले होते."

"माहीत आहे मला."

"मग?"

त्यानं नळ बंद केला. म्हणाला, "आई, इथं मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारत नाही. जपानी बॉस मला घालूनपाडून बोलतो ना, तो सगळ्या इंडियन लोकांना मिळून बोलतो. मला एकट्याला नाही. तुला कळणार नाही त्यात किती आराम आहे. कॉलेजात पहिल्या दिवशी रँक विचारला होता. नाव नंतर. पुण्यातल्या ऑफिसात माझं प्रमोशन झालं तर मागं कुजबुज, कोट्यातला. इराला त्यातलं काही माहीत नाही. तिच्या पाठीवर ते ओझं नाही. मी मुद्दाम ठेवलेलं नाही. तेवढं तरी राहू दे तिचं."

"आणि मेधा? ती जपानी आहे का?"

"ती चांगली आहे गं."

"चांगलीच आहे. चांगल्या बाईशीसुद्धा खोटं बोलावं लागतं, त्याचं काय करू?"

"परीक्षा होईपर्यंत तू काही बोलू नकोस. माझी शपथ आहे."

"शपथा आपल्यात नसतात," मी म्हटलं. तो हसला नाही. मीही नाही.

मला त्याचं दुःख कळत नव्हतं असं समजू नका. कळत होतं, म्हणूनच राग दुप्पट. ज्यांनी त्याला असं घाबरवून सोडलं ते मजेत आपापल्या घरी, आणि मी भांडते कोणाशी, तर माझ्या पोराशी. आणि घर त्याचं. पुढच्या हिवाळ्यात माझ्या व्हिसाच्या कागदांवर बोलावणाऱ्याची सही त्याचीच लागते. मनात आणलं तर तो मला बोलावणारच नाही, हेही मी जाणून होते. गप्प बसले. संध्याकाळी याकी इमोची गाडी यायची, गरम दगडावर भाजलेली रताळी, तिच्या हाकेचा लांबलचक सूर रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा. एरवी मी चप्पल घालून धावायची. त्या आठवड्यात गेले नाही. राग पोटात असला की भूक लागत नाही, माझं पहिल्यापासून असं आहे.

मग एका दुपारी इरा पेन चावत म्हणाली, "आजी, एक्झाम्पल सांग ना. डिस्क्रिमिनेशनचं. मेधा आंटी म्हणाल्या विहिरीचं लिहा. पण सगळ्याच विहिरीचं लिहिणार. मला वेगळं हवं."

आता बघा. पोरीनं वेगळं मागितलं. मी मिकान खाली ठेवलं.

"लिही," म्हटलं. "शिंपी माप घेत नसे."

"म्हणजे?"

"म्हणजे गावात एकच शिंपी. आपल्या लोकांच्या पोरींना टेप लावायचा तर अंगाला हात लागणार. मग तो आम्हाला दारात उभं करायचा, लांबून बघायचा, डोळ्यानंच माप घ्यायचा. कपडा ढगळच व्हायचा. कारण घट्ट झाला तर परत बघावं लागणार. लहानपणी माझ्या अंगावर बसेल असा एक झगा मला कधी मिळाला नाही. मला वाटायचं माझंच अंग चुकीचं आहे. म्हणून मी शिवायला शिकले. कोणी शिकवलं नाही. उसवून उसवून शिकले."

इरा लिहायची थांबली. तिचं डोकं चांगलं आहे, पण मराठी शब्द तिच्यापर्यंत पोचायला क्षणभर लागतो.

"आपल्या लोकांच्या?" ती म्हणाली. "म्हणजे कोणाच्या?"

"आपण बौद्ध. त्याआधी महार."

तिनं पेन टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आपण त्या चॅप्टरमधले?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तिनं पेपर ओढून घेतला, लाल चांदणीवाला. "मी सगळीकडं दे लिहिलंय," ती म्हणाली. "आजी, सगळीकडं. आणि तू वाचलंस? तू इथं बसून वाचलंस?" मग ती जपानीत काहीतरी बोलली, जे मला कळलं नाही आणि जे माझ्यासाठी नव्हतंही. जॅकेट घेतलं आणि बाहेर गेली. अंधार पडायला आला तरी परतली नाही. प्राची ऑफिसातून आली ती तशीच नदीच्या बांधाकडं गेली आणि तिला घेऊन आली. पोरीचे कान लाल झाले होते.

त्या रात्री सिद्धार्थला कळलं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बोललाच नाही. "आईला सांग, चहा झालाय," असं माझ्या देखत प्राचीला सांगायचा. इरा त्याच्याशी बोलेना. बापलेक एकाच टेबलावर जेवायची आणि मीठ माझ्याकडं मागायची. प्राची मला एकदा हळूच म्हणाली, "आई, मलाही सांगायचं होतं. मी दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी." तिच्यावर मी रागावले नाही. तिच्यावर रागवायला माझ्याकडं राग शिल्लकच नव्हता.

शेवटच्या सराव पेपरात इरानं शिंप्याचं उदाहरण लिहिलं, माय ग्रँडमदर म्हणून. मेधानं तो पेपर परत केला. एक मार्क कापलेला आणि समासात बारीक अक्षरात: व्यक्तिगत लिहू नये. विषयाकडं तटस्थपणे पाहावं.

तटस्थ. तट म्हणजे काठ ना? काठावर उभं राहायची सोय ज्यांची आहे त्यांनी खुशाल उभं राहावं. ‘ते’ लिहिलं की सहा, ‘माझी आजी’ लिहिलं की पाच. या हिशोबाचा राग मी कोणत्या बेसिनमध्ये धुऊ आणि कोणत्या वारी बाहेर ठेवू, सांगा.

इरा दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन मेधाकडं गेली. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मी मार्क मागायला नव्हते गेले." त्यानंतर मेधा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा तिचे डोळे भरून आले, म्हणाली, "काकू, मला माहीत नव्हतं हो." मी म्हटलं, "माहीत असतं तर सुगडाचं विचारलं नसतंस, एवढंच ना?" तिला ते लागलं. लागू दे. ती आजही येते, तेल आणते, मी घेते. पण ‘तुमच्यात’ म्हणायला जीभ उचलली की मध्येच थांबते. माझ्या आयुष्यात मी थांबवलेलं तेवढं एकच माप.

बोर्डाच्या पेपराच्या दिवशी सिद्धार्थनं अर्धी रजा टाकली. "मी सोडतो तिला," म्हणाला. भिंतीला सांगितल्यासारखं. इरानं बूट घातले, नको म्हणाली नाही. मी दारात उभी राहिले. दोघं पुढंमागं चालत स्टेशनाकडं गेली, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून.

दुपारी इरा परत आली ती थेट माझ्याकडं. "आजी, बाबा ट्रेनमध्ये बोलला."

तुम्ही इथं आला नसाल तर सांगते, इथल्या गाडीत कोणी बोलत नाही. फोन वाजला तरी माणसं ओशाळतात. सिद्धार्थ तर इतका इथला झाला आहे की खोकलासुद्धा रुमालात दाबतो.

"काय बोलला?"

"सगळं. रँकचं. ऑफिसचं. मराठीत. लोक बघत होते, तरी थांबला नाही. आम्ही एक स्टेशन पुढं गेलो."

"अगं बाई. उशीर झाला?"

"धावलो. झाला नाही."

पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी पोळ्या करत होते. सिद्धार्थ येऊन ओट्यापाशी उभा राहिला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याकडं बघून बोलला. "सांगितलं मी तिला, आई."

"कळलं. रँकचं सांगितलंस."

"हो."

"आणि ताटाचं?"

पोळी फुगली, मी उलटली. "ताटाचं तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. आवाज अगदी बारीक, कॉलेजातल्या पोरासारखा.

"कोणी नाही. पहिल्या वर्षीच्या दिवाळीत तू हॉस्टेलवरून घरी आलास. जेवलास. मग उठून आपलं ताट विसळलंस आणि आमच्या ताटांत न ठेवता खिडकीत वेगळं ठेवलंस. आपल्या घरात. तुला कळलंही नाही. तुझ्या बाबांनी पाहिलं, मी पाहिलं. आम्ही दोघं त्या रात्री झोपलो नाही."

"विचारलं का नाहीस मग?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. सांगितलं असतंस तर मी त्या मेसमध्ये गेले असते, आणि तुझं इंजिनिअरिंग तिथंच संपलं असतं. मला राग गिळावा लागला. तो तेव्हापासून आहे. तुला वाटतं, मी सुगडावरून रागावले?"

पलीकडच्या खोलीतून इरा दारापर्यंत आली होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"कुठलं ताट, बाबा?"

सिद्धार्थनं माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही, मी पोळी लाटत होते. माझं सांगायचं सांगून झालं होतं. मग मला खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग दुसरीचा.

"बस," तो तिला म्हणाला.